थिजलेलं खोबरेल

तुमच्याकडे थंडीत खोबरेल बाटलीतच थिजतं असं तुम्ही लिहिलंत, आणि मला रत्नागिरीत कुलपं-बंदुका दुरुस्त करत हिंडणारा एक माणूस आठवला. मी तेव्हा लहान होते.

माझे वडील पहाटे एकबारी रायफल घेऊन शेत राखायला जात. त्या पौषात रानडुक्कर अंगावर आलं आणि चाप ओढूनही बार उडाला नाही. ते कसेबसे आंब्यावर चढून वाचले. दुपारी मात्र तीच रायफल बिनचूक उडायची.

त्या माणसाने सकाळच्या गारठ्यात अंगणात बसून रायफल उघडली. काडतुसावर आपटणारी सुई मुठीत धरून तो स्वस्थ बसला. मूठ उघडली तेव्हा तळव्यावर तेल पाझरलं होतं. त्याने ते हुंगलं.

“खोबरेल. पहाटे थिजतं नि सुई अडते.”

“कोणी घातलं?” वडिलांचा आवाज चढला.

“खंडेनवमीच्या पूजेत मीच,” आई दारातून म्हणाली. “गंजू नये म्हणून.”

“रागावू नका, भाऊ,” तो सुई पुसत म्हणाला. “वैनींची माया हाय ती. ती तुमच्या डोक्याला लागू द्या. बंदूक कोरडीच बरी.”

त्याचं नाव कोणी विचारलं नाही. पण पुढे खंडेनवमीला आई रायफलीवर नुसतं फूल वाही, आणि थंडीत वडील शेतावर निघाले की चुलीपाशी ऊन केलेलं तेल त्यांच्या डोक्यावर चोळी.