प्लेटांवरची सावली

लिंब कोसळला तेव्हा त्याच्याखाली रोज जेवणारी पोरं शाळेच्या भिंतीला चिकटून बघत होती. छतावर सोलरच्या प्लेटा बसवल्या होत्या, त्यांच्यावर त्याची सावली पडत होती, म्हणून सरपंचांनी तो तोडायला लावला. मी शाळेत खिचडी शिजवते. तशीच चुलीपुढून उठून सरपंचांकडे गेले.

"सरपंच, आता पोरांनी दुपारी बसायचं कुठं?"

"आत पंखे फिरतील की, मावशी. तुम्ही खिचडी बघा, करपतीय."

पंखे फिरले, दिवाळीपर्यंत. मग बॅटरी गेली. नवी कुणी आणायची, ते मास्तरांनाही माहीत नाही. प्लेटा मात्र दिवसभर ऊन खातात. नवं आणलं की माणूस आधी जुनं मोडतो, उद्या लागलं तर काय, असं त्याच्या मनातही येत नाही. मी सून म्हणून आले तेव्हा तो लिंब माझ्या कमरेएवढा होता. आता दुसरा लावला तरी त्याची सावली बघायला मी नसणार.

आता उन्हाळा लागलाय. परवा भर दुपारी पहिलीतली गंगू वर्गात बसल्या जागी आडवी झाली. तिला उचलून मी माठाखालच्या ओल्या वाळूवर निजवलं. शाळेत गार जागा तेवढीच उरली आहे. डोक्यावर पाणी थापत राहिले, तेव्हा कुठं तिनं डोळे उघडले.

गंगू वाचली. दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात बसली.