भातखाऊ

नागेश पाटकर सौदीतल्या अल खर्जच्या डेअरीत वेल्डर होता आणि कॅम्पभर त्याची ख्याती होती ती कामचुकार म्हणून. पहिलं वर्ष बरं गेलं. मग पोट बिघडलं ते बिघडलंच. पाठोपाठ तोंड आलं. कोपरांना अशी खाज सुटली की खाजवून रक्त निघे. पायांना मुंग्या, हाडांत ठणका, अंगात त्राण नाही. रोज नवं दुखणं सांगणाऱ्यावर कोण विश्वास ठेवणार? पोटाला गोळ्या मिळाल्या, खाजेला मलम, रक्त कमी म्हणून टॉनिक. ही सगळी दुखणी एकाच घरची आहेत, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. शेवटी नागेशलाच वाटू लागलं, आपण आळशीच असणार.

रजेवर मालवणला गेला की मात्र पेज-भात आणि मासे खाऊन गडी टवटवीत. "बायको दिसली की आजार पळतो," मंडळी हसायची. परतला की पुन्हा रडगाणं सुरू.

एकट्या हनीफने त्याला कधी नावं ठेवली नाहीत. हनीफ मेसचा आचारी, राजापूरचा. "आपण कोकणातले भातखाऊ, ताकद येणार कुठून?" म्हणत तो नागेशला तूप लावलेल्या चपात्या वाढायचा, फारच गळाठला तर दुधात कुस्करून द्यायचा. परक्या मुलखात एवढी माया कोण करतं? नागेश मुकाट्याने सगळं संपवायचा.

एकदा कामावर चक्कर येऊन पडला, तेव्हा फोरमनने बजावलं, "बरा हो, नाहीतर खलास. घरी जा." नागेश रियाधच्या मोठ्या दवाखान्यात गेला. डॉक्टरीणबाईंनी कोपरं निरखली, रक्त तपासलं, आतड्याचा तुकडा तपासला आणि सांगितलं: तुला गहू सोसत नाही. गव्हानेच आतडं खराब झालंय, म्हणून खाल्लेलं अंगी लागत नाही. चपाती, मैदा, रवा, जन्मभर बंद. मग हळूहळू बरा होशील.

आनंद व्हायला हवा होता. बसमध्ये नागेश नुसता दमून बसला. आपण आळशी नव्हतो, एवढं कळलं. पण हनीफला कुठल्या तोंडाने सांगायचं?

हनीफ दूध-चपातीचा वाडगा घेऊन वाटच पाहत होता. "काय म्हणाली डॉक्टरीण?"

"गहू बंद. सगळं दुखणं गव्हाचं."

हनीफ वाडग्याकडे बघत राहिला. "म्हणजे मीच तुला..."

"तू नाय रे."

"हात तर माझाच होता ना?"

नागेशला भयंकर वाईट वाटलं. त्याने हनीफच्या हातातला वाडगा काढून बाजूला ठेवला. "भूक लागलीय, हनीफभाई. भात टाक."

हनीफने भातासाठी पातेलं घासायला घेतलं. ते लख्ख झालं तरी तो घासतच राहिला.