मागच्याला सांगायचं असतं

नेदरलँड्सच्या उत्तरेला समुद्रात पाच बेटं एका ओळीत आहेत. त्यांतली चार मी पायी पार केली, पाचवं राहिलंय. कोणी विचारलं तर वेळच मिळत नाही म्हणून सांगते. ते खोटं आहे.

बेटं चालायची टूम तिची. ती पुण्याहून आमच्या टीममध्ये आली तेव्हा मला इथे अकरा वर्षं झाली होती. ऑफिसात सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, पण ती दुसऱ्या आठवड्यापासून मला ताई म्हणायला लागली आणि, खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं. माझी स्वतःची मुलं माझ्याशी डचमध्ये बोलतात. मग कळलं की कॉलेजात असताना दोघीही सह्याद्रीत भटकलेल्या. या देशात डोंगर औषधालाही नाही. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने नकाशा पुढे केला आणि म्हणाली, किल्ले नाहीत तर नाहीत, आपण ही पाच पुरी करू. या टोकापासून त्या टोकापर्यंत, चालत.

उन्हाळ्यात तिथे माणसांची रीघ लागते, म्हणून आम्ही थंडीत जायचो. एका अंगाला खवळलेला समुद्र, दुसऱ्या अंगाला ओहोटीत उघडा पडणारा मैलभर चिखल, मध्ये रेतीच्या टेकड्या आणि टोचरं गवत. वारा असा की दोन तासांत कान बधिर होत. मी पुढे चालायचे, ती मागे. ट्रेकचा एक साधा नियम असतो, पुढच्याने मागच्याला सांगायचं. सुटा दगड, निसरडं, काटा, खड्डा. एक शब्द पुरतो. आम्हाला तो इतका अंगवळणी पडला होता की बेटावरही मी "चिखल" म्हणून ओरडायचे आणि मागून तिचं "हां" यायचं. तीन बेटं आम्ही अशीच संपवली.

चौथं आमेलांड. नोव्हेंबरमधला शनिवार-रविवार ठरला होता. त्याआधीच्या गुरुवारी मॅनेजरने मला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. माझ्या टीममधल्या चौघांची काँट्रॅक्ट्स पुढे वाढवायची नव्हती. यादीत दुसरं नाव तिचं होतं. एचआर त्यांना मंगळवारी सांगणार, तोवर अवाक्षर काढायचं नाही, असं लिहिलेल्या कागदावर त्याने माझी सही घेतली. तिच्यासारख्या नव्याने आलेल्यांचा इथला परवाना नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की दुसरी शोधायला तीन महिने, नाहीतर परत पाठवणी. काही विचारायचंय का, असं त्याने विचारलं. मी नाही म्हणाले.

बेत मोडावा असं मनात आलं होतं. पण कारण काय सांगणार? शनिवारी सकाळी ती डेल्फ्टहून गाडी पकडून आली ती पहाटे उठून केलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. एक घास घेऊन मी दशमी परत डब्यात ठेवली. वारा तोंडात जातोय, असं मी सांगितलं.

पश्चिमेच्या दीपगृहापासून आम्ही निघालो. दिवसभर ती बोलत होती. नवऱ्याचे आणि मुलीचे व्हिसाचे कागद झाले होते. नवरा पुण्याला अनुदानित कॉलेजात प्राध्यापक, कायम नोकरी. अशी नोकरी मिळवायला माणसं अर्धं आयुष्य घालवतात हे तिला सांगायला नको होतं, तिच्या सासऱ्यांनी ते वर्षभर रोज सांगितलं होतं. बिनपगारी रजा कॉलेजने नाकारली होती. त्यामुळे आता एकच वाट उरली होती, राजीनामा. मी पुढे चालत होते आणि ती मागून हे सगळं सांगत होती. एरवी मी वळून चार प्रश्न विचारले असते. त्या दिवशी मी फक्त डबकी दाखवत राहिले.

रविवारी दुपारी आम्ही पूर्वेच्या टोकाला पोचलो. तिथे घर नाही, झाड नाही. करड्या आभाळाखाली करडी वाळू, आणि मेलेला एक सील पाण्याच्या कडेला पडला होता. ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"ताई, तो उद्या राजीनामा देतोय. देऊ दे ना?"

मी फटकळ म्हणून प्रसिद्ध आहे. भर मीटिंगमध्ये वरिष्ठांना तोंडावर चूक दाखवणारी बाई. आणि मला तेव्हा एवढंच म्हणायचं होतं की तीन दिवस थांब. कारण न सांगता म्हटलं असतं तरी तिने ऐकलं असतं, कारण ती माझं सगळं ऐकायची. पण ती हुशार होती, मंगळवारनंतर तिने दोन आणि दोन चार केलेच असते. मग ती कोणाशी तरी बोलली असती, ते वर गेलं असतं आणि पुढच्या यादीत माझं नाव आलं असतं. फोरबर्गचं आमचं घर, मुलांची शाळा, हे सगळं डोळ्यांपुढून गेलं. सही केली होती हे खरं आहे, पण मी गप्प राहिले ते सहीला जागून नाही. मी घाबरले.

मी म्हणाले, "चांगलंच होईल गं सगळं."

परतीच्या बोटीत देवाने आणखी एक संधी दिली. पाणी इतकं उतरलं होतं की बोट वाटेत चिखलावर टेकली आणि भरती येईपर्यंत थांबावं लागेल असं सांगण्यात आलं. पाऊण तास आम्ही समोरासमोर बसलो होतो. तिने नवऱ्याला फोन लावला. जेवण झालं का, मुलगी झोपली का, असं विचारलं. मग म्हणाली, "उद्या देऊन टाक. ताईशी बोललेय मी." मी उठून दोघींसाठी कॉफी आणायला गेले आणि रांगेत मुद्दाम दोघांना पुढे जाऊ दिलं.

सोमवारी त्याने राजीनामा दिला. संध्याकाळच्या आत तो मंजूरही झाला, संस्थेत त्या जागेवर डोळा ठेवून बसलेला कोणीतरी होताच म्हणे. मंगळवारी तिला खोलीत बोलावलं. टीम लीड म्हणून त्या खोलीत मीही होते. ती एचआरच्या बाईकडे बघत होती, माझ्याकडे तिने एकदाही बघितलं नाही.

तिने नोकरी शोधण्यासाठी जिवाचं रान केलं. मीही शब्द टाकले, रोज रात्री तिचा बायोडेटा कोणाकोणाला पाठवला, आणि तेवढ्याने माझं मन हलकं होईल अशी माझी समजूत होती. काही जमलं नाही. नवरा तिकडे तासिका तत्त्वावर शिकवायला लागला, त्याच कॉलेजात, त्याच मुलांना.

जायच्या आधी ती बेटांवर घालायला मी दिलेलं माझं पावसाळी जाकीट परत द्यायला सायकलवरून फोरबर्गला आली. धुऊन, घडी घालून आणलं होतं. आत ये म्हटलं, आली नाही. दारातच विचारलं.

"ताई, तुला कधी कळलं होतं?"

"गुरुवारी."

मी सहीचं सांगू लागले, एचआरचं, नियमाचं. तिने मध्ये तोडलं नाही, सगळं ऐकून घेतलं. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "चिखल मात्र तू प्रत्येक वेळी सांगितलास."

मला रडू आलं, पण तिच्यासमोर रडायचा मला हक्क नव्हता. तिने जाकीट माझ्या हातात दिलं, सायकलचं स्टँड काढलं आणि निघाली. आमची गल्ली दुपारी सुनसान असते. कोपऱ्यावर वळायच्या आधी तिने इथल्या नियमाप्रमाणे डावा हात बाहेर काढून दाखवला, मागून येणाऱ्याला कळावं म्हणून. मागे कोणी नव्हतं, दारात मी तेवढी उभी होते.