आवाजाचा ड्रायव्हर

नवऱ्याची नजर एका दिवसात गेली नाही. काचबिंदू होता, कळायला उशीर झाला, आणि चार-पाच वर्षांत कडेकडेने कमी होत खिडकीचा उजेड तेवढा कळायचा उरला. भातकुली तालुक्यात ते कृषी सहायक होते, मोटरसायकलवर गावोगाव फिरायचे. ती नोकरी सुटली. मी अकोल्याला एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होते, अमरावतीहून रोज जाणं-येणं. मूलबाळ नाही. दोघांचं घर माझ्या पगारात चालत होतं.

सकाळी चहा झाला की मी त्यांना पेपर वाचून दाखवायचे. पाऊण तास. मग डबा घेऊन बडनेऱ्याची गाडी गाठायची. संध्याकाळी परत येईपर्यंत मी दमलेली असायचे आणि ते रेडिओ ऐकून कंटाळलेले, त्यामुळे आमचं जे काही बोलणं व्हायचं ते या पाऊण तासातच.

त्या वर्षांत आमच्याकडच्या पेपरात आतल्या पानावर एक जागा ठरलेली होती. चार-पाच ओळी, गावाचं नाव, जीव दिलेल्या शेतकऱ्याचं नाव, वय. पुढचं सगळ्यांना माहीत असे. कधी एक बातमी, कधी तीन. सुरुवातीला मी वाचायचे. पण गावं त्यांच्या पायाखालची. नाव ऐकलं की ते गप्प व्हायचे आणि मी घराबाहेर पडेपर्यंत बोलायचे नाहीत. म्हणून मी वगळायला लागले. त्या जागी बाजारभाव वाचायचे, नाहीतर क्रिकेट. त्यांना कळलं नाही. कळणार कसं?

त्यातली एक बातमी मात्र निराळी होती. भातकुलीकडच्या एका गावात एकजण होता, त्याच्या अंगणात यांनी पर्जन्यमापक बसवून दिलं होतं. पावसाळ्यात तो रोज सकाळी पाणी मोजायचा आणि आठवड्याचे आकडे पोस्टकार्डावर लिहून पाठवायचा. यांची नोकरी सुटली तरी कार्डं घरच्या पत्त्यावर येत राहिली. सात दिवसांचे सात आकडे, मिलिमीटरमध्ये, आणि खाली "बाकी ठीक". मी वाचून दाखवायचे. हे मागच्या वर्षीच्या आकड्यांशी ताडून पाहायचे, तोंडपाठ असत. एका उन्हाळ्यात त्याचं नाव त्या चार ओळींत आलं. मी पान उलटलं.

पावसाळा लागला. हे विचारू लागले, "कार्ड नाही आलं का?"

"पोस्टाचं काय सांगता येतं," मी म्हणाले. चार वेळा म्हणाले. मग त्यांनी विचारणं सोडलं.

पुढच्या वर्षी यांच्या मनात कॉम्प्युटर आला. रेडिओवर ऐकलं होतं की आंधळ्या माणसांना वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर असतं. मी अकोल्यात स्टँडजवळच्या एका दुकानात चौकशी केली. जुने कॉम्प्युटर दुरुस्त करून विकणारे एक वयस्कर भाईजान होते. कॉलेजची कामं त्यांच्याकडेच जायची. त्यांनी सांगितलेल्या वाचणाऱ्या सॉफ्टवेअरची किंमत ऐकून मी उठले.

"बसा ना मॅडम," ते म्हणाले आणि टेबलाच्या खणातून एक सीडी काढली. "हे लिनक्स, विंडोजच्या बदल्यात चालते. याच्यात बोलणारा आहे, फुकट आहे. आजवर दोनच लोकांनी नेली माझ्याकडून. एक वापस घेऊन आला."

"आणि दुसरा?"

"दुसरा तर दिसलाच नाही. तुमी या मात्र."

कॉम्प्युटरचा एक जुना डबा, जुना मॉनिटर, माऊस, स्पीकर आणि अक्षरं झिजलेला कीबोर्ड घेऊन मी रिक्षा, गाडी, रिक्षा करत घरी आले. सीडी टाकली. अर्ध्या-पाऊण तासात सिस्टीम बसली. पडदा नीट दिसला, माऊस चालला, हिंदी-मराठी अक्षरं जागेवर होती. मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं. फक्त आवाज नव्हता. आणि आम्हांला तेवढाच हवा होता.

हे बाजूला खुर्चीवर बसून होते. "बोलला का?"

"नाही अजून."

"जुने पेपरही असतात का त्याच्यात? मागच्या सालचे?"

"इंटरनेट आल्यावर असतात," मी म्हणाले. म्हणताना हात थांबला. हे चाललं तर आधी ते काय शोधतील ते मला माहीत होतं.

तरीही मी मागे लागले. काम हाती घेतलं की अर्धं ठेवता येत नाही मला. काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून साऊंडच्या चिपचं नाव काढलं, प्रॅक्टिकलच्या कोऱ्या कागदावर लिहून घेतलं. घरी टेलिफोनची इंटरनेट लाईन यायची होती, अर्ज टाकलेला होता. तोवर पेनड्राइव्ह घेऊन अकोल्याला, दुकानात बसून त्या चिपच्या ड्रायव्हरची, म्हणजे तिला चालवणाऱ्या प्रोग्रामची, फाइल उतरवायची, घरी येऊन बसवायची. ती म्हणे, आधी अमुक पॅकेज हवं. ते नाव कागदावर. दुसऱ्या दिवशी ते आणलं, तर त्याला आणखी दोन हवी होती. तीन आठवडे असे गेले. गाडीत बायका भाज्या निवडायच्या, स्वेटर विणायच्या. मी मांडीवर कागद घेऊन इंग्रजी नावं आणि त्यांपुढचे आकडे जुळवत बसायचे. एकीने विचारलं, "कोणता कोर्स करून राहिली बाई या वयात?" ड्रायव्हर बसवतेय म्हटलं तर तिला वाटलं, आम्ही गाडी घेतली.

विचारायला कोणी नव्हतं. अमरावतीत ज्याला विचारावं तो म्हणे, काढून टाका ते आणि नेहमीचं टाका. इंटरनेटवर परदेशातल्या माणसांनी एकमेकांना दिलेली उत्तरं वाचायची, आपला प्रश्न त्यांच्यापैकी कोणाचा तरी असेल अशा आशेनं. बहुतेक जागी शेवटचं वाक्य एकच, धन्यवाद, झालं. कसं झालं ते कोणी लिहिलेलं नसे.

शेवटी भाईजानांनीच सहज विचारलं, "मिक्सर पाहिला का मॅडम?"

"कोणता मिक्सर?"

"अरे, आवाज कमी-जास्त करायचा. काळ्या खिडकीत उघडते. उभ्या पट्ट्या दिसतील. पट्टीखाली दोन एम असले तर समजा बंद आहे. एम दाबा, चालू." मग माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाले, "नाही पाहिला. तीन आठवडे माझी खुर्ची गरम केली तुमी फुकटात."

घरी आले तेव्हा हे अंघोळीला गेले होते. मिक्सर उघडला. पट्टीखाली दोन एम. ड्रायव्हर पहिल्याच दिवशी आपोआप बसलेला होता. मी हेडफोन कानाला लावला आणि एम दाबलं. कानात एक पुरुषी, पत्र्यासारखा आवाज आला आणि पडद्यावरच्या खिडकीचं नाव बोलला. मोरीतून तांब्याचा आवाज येत होता. मी पुन्हा एम दाबलं. पट्टीखाली पुन्हा दोन एम आले.

"लागला का काही पत्ता?" त्यांनी पंचा गुंडाळत विचारलं.

"अजून एक पॅकेज आणावं लागेल."

असे आठ दिवस मी काढले. मधे इंटरनेटची लाईनसुद्धा आली. सकाळी पेपर वाचत होते, पूर्वीसारखाच, गाळून. मी असं का केलं त्याची कारणं सांगू शकते, पण ती चांगली नाहीत. एक म्हणजे ती बातमी. दुसरं म्हणजे तो पाऊण तास. तो गेल्यावर आमच्याकडे काय उरणार होतं ते मला दिसत होतं.

त्या आठ दिवसांत हे स्वस्थ बसले नाहीत. मी त्यांना कीबोर्डवर मराठी अक्षरं कुठे असतात ते एकदा हात धरून दाखवलं होतं. मी अकोल्याला गेले की ते मुक्या कॉम्प्युटरसमोर बसून सराव करायचे. पडदा दिसत नाही, आवाज नाही, नुसती बोटं. जेवताना ताटाच्या कडेवरही बोटं चालायची.

आठव्या दिवशी संध्याकाळी मी आले तर पानभर मजकूर पडद्यावर होता. ते कॉटवर पडले होते. "पहाय बरं," म्हणाले, "जमलं का. छापून पोस्टात टाकशील उद्या."

पडद्यावर एकही शब्द धड नव्हता. काने-मात्रांना अक्षरं नव्हती, अक्षरांना काने नव्हते. पाहता पाहता लक्षात आलं. जुन्या कीबोर्डवर बोटं ठेवायच्या दोन बटणांवरचे उंचवटे झिजून गेले होते. हात एक घर सरकून बसले होते आणि सरकलेल्या हातांनी त्यांनी सबंध पान लिहिलं होतं. कानाला आवाज असता तर पहिल्याच अक्षराला कळलं असतं.

मी कागद घेतला आणि एकेक अक्षर एक घर मागे आणत पहिल्या ओळी लावल्या. पाऊस मोजणाऱ्या त्या माणसाच्या नावाने पत्र होतं. गेल्या वर्षीचे आकडे नाही आले. तब्येत बरी नसेल तर घरातल्या कोणाला मोजायला सांग, पण खंड पडू देऊ नको. माझ्याकडे आता कॉम्प्युटर आला आहे, आकडे त्याच्यात भरून ठेवीन.

पुढचं मी लावलं नाही. बातमी गाळणं मला जमलं होतं. हे पत्र पेटीत टाकणं जमणार नव्हतं, आणि टाकलं म्हणून खोटं सांगणंही.

तोंडाने सांगायला पाहिजे होतं. ते केलं नाही. मिक्सर उघडला, हेडफोन काढला आणि एम दाबलं.

"बोलला," ते कॉटवर उठून बसले. "बोलला ना?"

कपाळाला लावायच्या टिकल्यांच्या पाकिटातून दोन टिकल्या काढून मी त्या दोन बटणांवर चिकटवल्या. त्यांची बोटं त्यांवर ठेवली. पहिल्या दिवशी त्यांनी नुसती अक्षरं दाबली आणि ऐकली. मराठी आवाज तेव्हा मिळत नव्हता, हिंदी होता. तो चमच्यातला च चहासारखा म्हणायचा आणि आकडे सगळे हिंदीत. "आपल्या भागात चालते," हे म्हणाले. बऱ्याच महिन्यांनी मी त्यांना हसताना पाहिलं.

बहुतेक पेपरांची अक्षरं त्यांच्या स्वतःच्या फॉन्टमध्ये होती, तिथे आवाज काहीतरी भलतंच बडबडायचा. एक पेपर मात्र नीट वाचता येत होता, जुन्या अंकांसकट. रविवारी मी भाकरी थापत होते. बाहेरच्या खोलीत यांनी एकेक गाव लिहून शोधायला घेतलं. त्यांच्या जुन्या फेरीच्या क्रमानेच. चौथं किंवा पाचवं गाव ते होतं.

आवाजाने गाव वाचलं. नाव वाचलं. "अडतालीस" म्हणाला. चार ओळी संपल्या. यांनी पुन्हा लावलं. भाकरी तव्यावर होती, मी उलटली.

ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन चौकटीला हात लावून उभे राहिले.

"तुले मालूम होतं?"

"होतं."

"त्या दिवशी त्याच्या जागी काय वाचलं तू मले?"

काहून नाही सांगितलं, असं विचारतील म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. हा प्रश्न आला नव्हता डोक्यात. पण मला आठवत होतं.

"हवामान," मी म्हणाले. "पाऊस वेळेवर येणार म्हणून."

त्यांनी चौकटीवरचा हात काढला. मग म्हणाले, "तू वाचायची तव्हा पेपर लहान होता," आणि बाहेरच्या खोलीत गेले. आवाज चढवून बोलले नाहीत, नंतरही कधी तो विषय काढला नाही. ते पानभर पत्र त्यांनी स्वतः पुसलं. कसं पुसायचं ते मला विचारलं नाही.

तेव्हापासून सकाळचा पेपर ते स्वतः ऐकतात. सगळा, त्या चार ओळींसकट. मी छापील पेपर बंद केला. पाऊण तास मोकळा झाला, म्हणून मी आधीची गाडी धरू लागले. तिच्यात ओळखीचं कोणी नसतं, बसायला जागा मिळते.

पुढे एकदा सिस्टीम नव्याने अपडेट केली, आणि सकाळी त्यांनी हाक मारली. "आवाज गेला."

मी डबा भरत होते. गाडीला अर्धा तास होता. "थांबा, पाहते. नाहीतर मोबाइलवर काढून वाचू का मी? सगळं वाचते."

"नको," ते म्हणाले. "थांबतो मी. तू ते चालू करून दे."

मी मिक्सर उघडला. पट्टीखाली दोन एम होते. एम दाबलं. आवाज आतल्या पानावरच्या कुठल्याशा वाक्याच्या मधूनच सुरू झाला. त्यांनी मान कॉम्प्युटरकडे वळवली. मी डबा पिशवीत टाकला आणि निघाले.