उसातल्या हाकेला ओ देणाऱ्या सुभद्राताई

सुभद्राताईंची माझी ओळख झाली ती त्या आमच्या गावी प्रौढ स्त्रियांचा वर्ग चालवायला आल्या तेव्हा. मी मॅट्रिक म्हणून वर्गाचा जमाखर्च माझ्याकडे आला. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "वहिनी, कंदिलाची काच रोज पुसा. काळ्या काचेला तेल जास्त लागतं." माझ्या मनातलेच बोलल्या.

त्यांच्या साठीनिमित्त पुष्कळजण पुष्कळ लिहितील. मला एकच प्रसंग सांगायचा आहे.

आमच्या मुली म्हसावदला शाळेत जात. वाट दोन्ही बाजूंच्या उसातून. एका हिवाळ्यात, शाळा सुटल्यावर येताना, उसातून हाक येऊ लागली. एकदाच, हळू, आणि जिच्या तिच्या नावाने. आमच्याकडे एका हाकेला ओ देत नाहीत. माणूस असेल तर पुन्हा हाक मारील, असे म्हणतात. म्हणून मुली ओ देत नसत, मागे बघत नसत, घरी सांगतही नसत. एके दिवशी त्या आवाजाने माझ्या शालिनीला "चिमी" म्हटले. तिला ताप भरला, तेव्हा तिने सगळे सांगितले. ते नाव आम्ही फक्त घरात घेत असू.

सासूबाईंना ते भूतच वाटले. म्हणाल्या, "पोरले घर बसाड. तठे मानूस नही शे." यजमानांनीही तिचे नाव शाळेतून काढायचे ठरवले. मी देवापुढे हात जोडले आणि तशीच ताईंकडे गेले.

ताईंनी सगळे ऐकून घेतले. "आपण ओ देत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक आहे," एवढेच बोलल्या.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी त्यांनी आम्हा वर्गातल्या बायकांना वाटेच्या कडेच्या उसाआड बसवले. मुली आल्या. वारा अजिबात नव्हता.

"चिमी..."

ताई उठल्या आणि त्यांनी खणखणीत ओ दिली. मग आम्ही सर्वांनी दिली. उसाचे शेंडे हलत हलत गेले, गावाच्या दिशेने.

आत पाहिले तर ऊस मोडून बसायला जागा केलेली, वाटेकडे तोंड करून. खाली विझलेल्या बिड्या. आमच्या वर्गातली सखू म्हणाली, "भूतले बिडी लागस का वं?" कुणी हसले नाही.

ताई त्याच पावली शेतमालक रामजीभाईंकडे गेल्या. वाटेलगतचा ऊस तोडून तिथे हरभरा लावा म्हणाल्या. ओट्यावर चार मंडळी बसली होती. रामजीभाई कुरकुरले, "इतला ऊस वाया जाई, ताई. आनि तठे जे राहस, ते कोठे जाई?"

"ते घरी जाईल, रामजीभाई. रोज जातंच."

रामजीभाई बराच वेळ ओट्यावरच्या मंडळींकडे पाहत राहिले. मग त्यांनी कोयता मागवला.

शालिनीचे नाव शाळेत राहिले. पुढे कितीतरी दिवस ताई मुलींबरोबर चालत जात-येत होत्या. हाक पुन्हा आली नाही. ती कुणाची, हे आजतागायत कळलेले नाही. तो माणूस आमच्याच पंगतीला जेवून गेला असेल. मीच त्याला आग्रहाने वाढलेही असेल.

या जूनला माझी धाकटी त्याच वाटेने शाळेला निघेल. म्हणून मला ताईंचे आयुष्य नुसते लांब नको, धडधाकट हवे. कुलस्वामिनी त्यांचे गुडघे मजबूत ठेवो, आवाज खणखणीत ठेवो, आणि माझ्या लेकींच्या लेकींनाही ताई त्या वाटेवर भेटोत.