क्लीनचं भडंग

दर तीन महिन्यांनी भेटणाऱ्या माणसांकडे किस्से फार साठतात. त्यातून आजार लघवीच्या पिशवीचा! सुना-जावयांसमोर हा विषय काढायचा तरी कसा? मग सगळं साठवायचं आणि सांगलीत दवाखान्याच्या बाकावर ओतायचं.

आमचा कॅन्सर सुरुवातीचा. पिशवीच्या अस्तरातली गाठ डॉक्टर खरवडून काढतात. पण ही बया परत उगवते, म्हणून ठरावीक काळानं दुर्बीण घालून बघायचं. बाकावर आम्ही तिघं ठरलेले: हळदीचा व्यापार करणारा मी, बँकेतून रिटायर झालेल्या आणि लोणंदहून रेल्वेनं येणाऱ्या कांबळे मॅडम, आणि कवठे महांकाळचे सुभेदार अण्णा. मॅडमनी नियम घातलाय, ज्याची पिशवी क्लीन निघेल त्यानं सगळ्यांना भडंग द्यायचं.

अण्णांच्या मिशा बघून कंपाउंडरसुद्धा सावधान उभा राहतो. गाठ काढल्यावर काही आठवडे, दर आठवड्याला त्यांच्या पिशवीत क्षयाची लस सोडायचं ठरलं. "तान्ह्या पोरास्नी देत्यात तीच व्हय?" त्यांनी विचारलं. "तीच," डॉक्टर म्हणाले. हे अण्णांनी घरी सांगितलं आणि फसले. पुढच्या आठवड्यात सुभेदार आले ते गालाला काजळाची तीट लावून! शेजारी वहिनी गंभीर चेहऱ्यानं बसलेल्या. "आवं, लस बाळाची हाय न्हवं? मग नजर नगं लागाय!"

मलाही तीच लस. ती दोन तास धरून ठेवायची आणि मधूनमधून कूस बदलायची, म्हणजे औषध सगळीकडं लागतं. घड्याळ कोण बघणार? आमच्या हिनं तोड काढली, "मी भाकरी परतली की ओरडते, तुम्ही कूस परता." नेमके त्या दिवशी पाहुणे जेवायला. भाकऱ्या ढीगभर! मी पलंगावर नुसता गरागरा फिरतोय. ऐकून डॉक्टर म्हणाले, "शेठ, पंधरा मिनिटांनी वळा म्हटलं होतं, दोन्ही बाजूंनी भाजून घ्या नव्हतं म्हटलं!"

मॅडमचं निराळंच. एका सकाळी त्यांना लघवी लाल दिसली. बाईंनी पर्स उचलली, नवऱ्याला न उठवता पहिली गाडी धरली आणि डॉक्टरांसमोर रडायलाच लागल्या. तपासणी झाली. डॉक्टरांनी विचारलं, "काल जेवायला काय होतं?"

"बिटाची कोशिंबीर," म्हणाल्या आणि तोंडावर हात ठेवला.

"तरी आलात ते बरंच केलंत. लाल दिसलं की यायचंच," डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून त्या घरात बीट बंद. बीट आवडणारे कांबळेसाहेब अजून विचारतात, "पण यात माझं काय चुकलं?"

विडीनंही ही गाठ होते हे कळल्यावर अण्णांनी विडी सोडली आणि दुसऱ्यांच्या मागे लागले. बाकावर नवा माणूस आला की, "खिसं दावा!" पुडी निघाली की जप्त. एकदा एका म्हाताऱ्याची तंबाखूची डबीच काढून घेतली. ते निघाले डॉक्टरांचे सासरे! आता अण्णांचं काही खरं नाही, असं आम्हाला वाटलं. डॉक्टरांनी हळूच अण्णांचा हात दाबला. "लग्न झाल्यापासून मला हे जमलं नव्हतं!"

पण अण्णांची गाठ काही त्यांची पाठ सोडेना. दर वेळी वहिनींनी केलेलं भडंग डब्यातून आणायचे, दुर्बिणीत काहीतरी दिसायचं आणि डबा तसाच माघारी जायचा. गेल्या खेपेला म्हणाले, "बास गड्या. आता न्हाई यायचो मी. कितीदा खरवडून घ्यायचं?" मला ते फार लागलं. वेळेत सापडते म्हणून ही गाठ आटोक्यात राहते. येणंच सोडलं तर ती आत मुरायची भीती, हे तिघांनाही ठाऊक.

परवा आम्ही दोघं दाराकडे डोळे लावून बसलो होतो. अण्णा आले! आत गेले, बाहेर आले आणि थेट डबा उघडला. मॅडमनी टाळ्या वाजवल्या, मी तर मिठीच मारली. सगळ्या बाकानं मूठमूठ भडंग घेतलं. तेवढ्यात सिस्टर आल्या. "अण्णा, गाठ काढायला सोमवारी ॲडमिट व्हायचंय हं."

आमचे हात तोंडाशीच थांबले.

"अण्णा, अहो मग हे भडंग?"

अण्णांनी मिशीवरचा चुरा झटकला. "खावा रं. किती डाव माघारी न्यायचं? क्लीनचं पुढच्या खेपेला ताजं आणतो की!"