हौसामावशीनं कापलेला सीन

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. मी सिनेमाची एडिटर – पडद्यावरचा माणूस चुटकीसरशी गायब कसा करायचा, हेच माझं रोजचं काम. त्यामुळे असले अनुभव कुणी सांगायला लागलं की मी आधी हसते. पुढचं वाचून तुम्ही हसलात तरी चालेल...

जत तालुक्यात, अगदी कर्नाटकच्या हद्दीला चिकटून आमचं गाव. आईची थोरली बहीण, हौसामावशी, तिथं मेंढरं राखायची. तरुणपणी चेटकीण ठरवून गावानं भर चावडीसमोर तिचं लुगडं फेडलं होतं. तरी ती गाव सोडून गेली नाही, शेवटपर्यंत तिथंच ताठ मानेनं राहिली. तीन-चार वर्षांमागं वारली. त्याआधी मला सगळं सांगितलं आणि म्हणाली, "सांग समद्यास्नी." म्हणून मी सिनेमा काढला. दिग्दर्शनही माझंच.

सेन्सॉरची हरकत एका वाक्यावर होती. सिनेमातला म्हातारा पुढारी म्हणतो, "आमी समदे बघत हुतो." त्यानं गावाची बदनामी होते, असं समितीचं म्हणणं. मी अडून बसले. ते वाक्य गेलं तर सिनेमात उरतं काय? फेरतपासणीत भांडून वाक्य वाचवलं आणि 'ए' सर्टिफिकेट घेऊन ऐटीत घरी आले. लुगडं फेडण्याचा सीन मात्र थोडा धूसर करून पास झाला होता. पास झाला म्हणजे विषय संपला, असं मी धरून चालले.

रिलीजआधी घरच्यांना दाखवायचं ठरलं. गावच्या शाळेचा हॉल, टळटळीत दुपार, म्हणून खिडक्यांना घोंगडी लावलेली. आई पहिल्या रांगेत. मामा मेंढरं मागच्या रानात बाभळीखाली बसवून आला होता. मावशीच्या माघारी तिची मेंढरंही त्यानंच सांभाळली.

आमच्याकडं प्रत्येक मेंढक्याची हाक वेगळी असते, आणि मेंढरं आपल्याच माणसाच्या हाकेला येतात. मावशीची हाक म्हणजे जिभेचे दोन टटकारे आणि मग लांबलचक 'हूऽऽय'. ती काही आमच्या नटीला जमेना, म्हणून सिनेमात घेतलीच नव्हती. मावशीच्या आवाजाचं रेकॉर्डिंगही कुणाकडं नाही.

तो सीन आला. चावडी... जमाव... कुणीतरी पदराला हात घातला – आणि पडदा काळा! लाइट गेली म्हणावं, तर पंखे फिरत होते. मी लॅपटॉपकडं धावले. फाइल व्यवस्थित चालू होती. आणि स्पीकरमधून आले दोन टटकारे, मग लांब 'हूऽऽय'...

मामा ताडकन उठला. "आक्का हाय ही!"

तेवढ्यात दारातून मेंढरं आत शिरली. सगळी नाही हं – फक्त मावशीच्या हातची जुनी. पडद्यासमोर येऊन दाटीवाटीनं उभी राहिली. मामा "चला गं भाईर" म्हणून हाकलतोय, पण एक हलेल तर शपथ! सीन संपला, चित्र परत आलं, तशी ती आपणहून निघून गेली.

मला वाटलं आई रडत असेल. तर तिचा चेहरा फुललेला.

"तवा तिला झाकाया कोन बी आडवं आलं न्हाई," ती म्हणाली. "आता सोता आडवी आली. लय खमकी माझी भन!" मग माझ्याकडं वळून म्हणाली, "सांग म्हनली हुती ती तुला. उगडी दाव म्हनली न्हवती."

दुसऱ्याच दिवशी तो सीन काढला. आता तिथं फक्त बघणाऱ्यांचे चेहरे दिसतात आणि त्यांच्यावर पुढाऱ्याचं ते वाक्य ऐकू येतं. पास झालेला सीन कापला तरी बोर्डाला कळवावं लागतं. तिथल्या बाईंनी फोनवर विचारलं, "अहो, आमची तर हरकत नव्हती. मग कुणाची होती?"

"मावशीची," मी म्हणाले. आयुष्यात इतक्या अभिमानानं मी कधी कट सांगितला नसेल.

ती फाइल नंतर फ्रेम न् फ्रेम तपासली. काळी फ्रेम नाही, हाक नाही. साउंडवाल्या मित्रालाही काही सापडलं नाही. माझ्याकडं आजही याचं उत्तर नाही, आणि खरं सांगू? मी शोधायचंही सोडलंय.

पहिला शो सांगलीत होता. आई माझ्या शेजारी बसली होती. ते चेहरे पडद्यावर आले आणि थिएटर चिडीचूप झालं. तेव्हा आई पलीकडच्या अनोळखी बाईंकडं वळली आणि साऱ्या थिएटरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आवं, ही गोष्ट माझ्या थोरल्या भनीची हाय."